ओली नोट

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात साडेअकरा वाजता ऊन डोक्यावर येतं आणि चिकनच्या दुकानासमोरची गर्दी नेमकी तेव्हाच वाढते. चवथ होऊन गेली होती, महिनाभराचं शिवराक, म्हणजे शाकाहारी खाणं, संपलं होतं. एक बाई कोंबडी घेत होती. दुकानदाराने पिंजऱ्यातली एक पांढरी कोंबडी पंखांना धरून बाहेर काढली, तराजूवर टाकली, मान कापून निळ्या ड्रममध्ये सोडली. आतली फडफड थांबेपर्यंत आधीच्या गिऱ्हाइकाचे तुकडे केले. मग पिसांसकट कात दोन ओढींत उतरवली, बोटं आत घालून आतडी काढली, कलेजी-पेटा बाजूला ठेवला, उरलेलं अंग बादलीतल्या पाण्यात एकदा बुचकळलं आणि ठोकळ्यावर पंधरा-वीस घाव घातले. जेमतेम पाच मिनिटांचं काम. काळ्या पिशवीला गाठ बसली. "बाये, सुटे आसात?" नव्हते. मग त्याच हाताने त्याने गल्ल्यातून वीसची नोट काढली, हिरवट-पिवळी, मागे वेरूळची लेणी असलेली. नोटेचा एक कोपरा ओला झाला होता. बाईने ती दोनदा झटकली आणि पर्समध्ये ठेवली.

एवढंच.

कुणी ओरडलं नाही, कुणी नाक मुरडलं नाही, आणि ते साहजिकच होतं. पण ती झटकलेली नोट काही डोळ्यांपुढून हलेना. चिकनमधल्या अँटिबायोटिकची बातमी अधूनमधून येते, चार दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, आणि प्रत्येक वेळी प्रश्न एकच असतो: खावं की खाऊ नये? सगळ्यांची नजर ताटावर. नोटेकडे, बादलीकडे, पिशवीच्या गाठीकडे कुणी बघत नाही.

मुळात दोन वेगळ्या गोष्टींची इथे खिचडी होते. एक म्हणजे मांसात उरलेला औषधाचा अंश. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ साली दिल्ली परिसरातले कोंबडीचे ७० नमुने तपासले, त्यांतल्या ४० टक्क्यांत तो सापडला, आणि तेव्हापासून लोकांच्या डोक्यात तोच बसला आहे. हा अंश निर्जीव असतो. औषध बंद करून ठरावीक दिवस थांबलं की कोंबडीच्या अंगातून उतरतो, प्रयोगशाळेत मोजता येतो, किती चालेल याची मर्यादा नियमांत लिहिलेली असते. दुसरी गोष्ट जिवंत आहे: औषधाला दाद न देणारे जिवाणू, म्हणजे ई. कोलाय, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर. औषध थांबलं म्हणून हे मुक्काम हलवत नाहीत. कोंबडीच्या आतड्यात, शेडमधल्या तुसात, पाण्याच्या निपलांवर राहतात आणि पुढच्या बॅचच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यातच गाठतात. पाकिटावर 'अँटिबायोटिक-फ्री' छापलेलं असतं ते पहिल्या गोष्टीबद्दल. दुसरीबद्दल ते पाकीट अक्षर बोलत नाही. आणि शिजवताना तर सगळं उफराटं होतं. औषधाचा अंश उकळूनसुद्धा थोडाफार मागे राहू शकतो. उलट ज्या जिवाणूपुढे भारी भारी इंजेक्शनं हात टेकतात, तो ७४ अंशांना इतर कुठल्याही साध्या जिवाणूसारखा मरतो. औषधाविरुद्धचं त्याचं कवच उष्णतेपुढे कवडीमोल. शागोतीचा टोप वीस-पंचवीस मिनिटं रटरटला की आतल्यांचा प्रश्न मिटला.

प्रश्न टोपात न गेलेल्यांचा असतो.

गोव्यात खपणारी बहुतेक ब्रॉयलर घाटापलीकडून येते. बेळगाव, कोल्हापूरकडचे जाळीदार क्रेट लादलेले ट्रक चोर्ला, अनमोड, आंबोलीने उतरतात, मागे वाऱ्यावर पांढरी पिसं सोडत. पलीकडच्या शेडमध्ये पिल्लू येतं तेव्हा चाळीसेक ग्रॅमचं असतं. ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोंच्या वर जातं. एका पक्ष्याला साधारण एक चौरस फूट जागा, खाली भाताच्या तुसाचा तीन-चार बोटं जाड थर. पावसाळ्यात हा थर दमट झाला की विष्ठेतला अमोनिया उठतो. आत शिरणाऱ्याचे डोळे चुरचुरतात, आणि पक्ष्यांच्या श्वासनलिकेचं अस्तर सोलवटतं. मग तुसातलाच ई. कोलाय तिथून आत, फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतो. जाणता शेतकरी रात्री दिवे मालवून शेडच्या दाराशी कान देऊन उभा राहतो. पक्षी निजल्यावर घरघर ऐकू येते. पन्नासांना लागली की दोन दिवसांत पाचशेंना लागणार, हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं. कंत्राटी पद्धतीत पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची आणि शेड, वीज, पाणी, राबणूक त्याची. पैसे मिळतात ते जिवंत वजनाच्या किलोवर. मर वाढली की त्याचाच हिशोब कोसळतो. पाच हजारांतले पन्नास वेचून त्यांना वेगळं औषध पाजणं कुणाच्या बापाला जमणार नाही. औषध पडतं ते पाण्याच्या टाकीत, सगळ्यांसाठी.

इथेच खरी गोम आहे. आजारी कोंबडी पाणी कमी पिते. म्हणजे जिला पुरी मात्रा हवी तिच्या पोटात अर्धीमुर्धी, आणि ठणठणीत असलेल्या हजारोंच्या आतड्यांत नाहक. आतड्यात तर ई. कोलायची वस्ती कायमचीच, निरुपद्रवी. अर्धवट मात्रेने त्यातले दुबळे मरतात, चिवट उरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत चिवटांचंच पीक येतं. सगळं मनासारखं असलं तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. पेनिसिलिनच्या शोधासाठी नोबेल घेताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५च्या डिसेंबरातल्या भाषणात नेमकी हीच, अपुऱ्या मात्रेची धास्ती बोलून दाखवली होती. त्यांच्या डोळ्यांपुढे स्वतःच्या मनाने औषध घेणारा माणूस होता. पाच हजार पक्ष्यांची टाकी त्यांच्या स्वप्नातही नसावी.

आणि औषधं तरी कुठली? कोंबड्यांना देतात ते एन्रोफ्लॉक्सासिन शरीरात गेल्यावर काही प्रमाणात सिप्रोफ्लॉक्सासिन होतं, आपल्याला लघवीच्या संसर्गाला किंवा जुलाबाला डॉक्टर लिहून देतात तेच. अमेरिकेने २००५मध्ये कोंबड्यांसाठी त्याची परवानगी काढून घेतली, कारण सिप्रोला न जुमानणारे कॅम्पिलोबॅक्टर माणसांत दिसू लागले होते. कॉलिस्टिनची गोष्ट आणखी चमत्कारिक. १९४०च्या दशकाच्या अखेरीस जपानात सापडलेलं हे औषध मूत्रपिंडाला बाधतं म्हणून डॉक्टरांनी अडगळीत टाकलं होतं. पुढे एकेक करून बाकीची औषधं निकामी होत गेली तेव्हा अतिदक्षता विभागात नाइलाजाने ते पुन्हा बाहेर काढलं. आणि माणसांसाठी ते शेवटचं म्हणून जपलं जात असताना तिकडे टनाला काही ग्रॅम या हिशोबाने कोंबडीच्या खाद्यात पडत होतं, तेही आजारासाठी नव्हे, वजन चांगलं भरावं म्हणून. २०१५च्या नोव्हेंबरात चीनच्या संशोधकांनी एमसीआर-१ हे जनुक जाहीर केलं. डुकरांत, बाजारातल्या कच्च्या मांसात आणि इस्पितळातल्या रुग्णांत, तिन्हीकडे ते सापडलं होतं. दचकण्यासारखी गोष्ट अशी की हे जनुक जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर नव्हतं. ते प्लाझ्मिडवर होतं, म्हणजे डीएनएच्या सुट्या छोट्या वेटोळ्यावर. शेजारणीने वाटीभर विरजण द्यावं तसं ते वेटोळं एक जिवाणू दुसऱ्याला देतो. देणाऱ्याचंही कमी होत नाही आणि घेणारा त्याच जातीचा असावा अशीही अट नाही. भारत सरकारने जुलै २०१९मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांकरता आणि कोंबड्यांकरता कॉलिस्टिनची निर्मिती, विक्री आणि वाटप बंद केलं. निर्णय चांगलाच. पण विरजण एकदा लागलं की दुधाचा पुरवठा थांबवून दह्याचं दूध होत नाही.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर प्रयोगशाळेतली कल्चर-सेन्सिटिव्हिटीची, म्हणजे जिवाणूवर कुठलं औषध चालतं ते दाखवणारी थाळी बघावी. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात असो की बेळगावला, ती सारखीच असते. तळहाताएवढी गोल काचेची किंवा प्लॅस्टिकची बशी, त्यात जिवाणू वाढवायचा चार मिलिमीटर जाडीचा जेलीसारखा थर, म्युलर-हिंटन अगर, दिसायला फिकट खरवसासारखा. त्यावर जिवाणूंचं ठरावीक गढूळपणाचं पाणी कापसाच्या बोळ्याने तीन दिशांनी सारवतात, वर औषधात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या बारक्या पांढऱ्या चकत्या मांडतात आणि बशी पालथी करून ३५ अंशांवर १६ ते १८ तास ठेवून देतात. दुसऱ्या दिवशी बशीभर दुधी साय आलेली असते. ज्या चकतीचं औषध चालतं तिच्याभोवती स्वच्छ गोल खळं पडतं. ते पट्टीने मोजायचं. ज्या चकतीचं चालत नाही तिला साय अगदी कडेपर्यंत चिकटलेली असते, अंगणातल्या फरशीभोवती गवत माजावं तशी. कॉलिस्टिनचा रेणू मोठा, तो अगरमध्ये नीट पसरतच नाही, त्यामुळे त्याच्या चकतीच्या खळ्यावर विसंबता येत नाही; त्यासाठी औषधाचं पाणी पायरीपायरीने पातळ करत वेगळी चाचणी लावावी लागते. मांडलेल्यांपैकी बहुतेक चकत्यांना बिलगलेली साय पाहिली की काही क्षण बोलायला सुचत नाही. वास मात्र साधाच, थोडा आंबूस. कुणाच्या पोटात हा जिवाणू महिनोन्महिने काही त्रास न देता राहू शकतो. त्या माणसाला पुढे लघवीचा संसर्ग होतो किंवा पोटाचं ऑपरेशन करावं लागतं, आणि मग डॉक्टर एकामागून एक औषधं बदलत बसतात. महिन्यांपूर्वीची काळी पिशवी तोवर कुणाला आठवणार?

अशा वेळी गावठी कोंबडीची आठवण निघतेच. पेडण्यात, सत्तरीत, डिचोलीत अजून पन्नाशी-साठीतली माणसं ती काढतात: पाहुणे दारात आले की कोंबडा पकडायला पोरांची पळापळ, फणसाच्या बुंध्याभोवती तीन फेऱ्या, मग चुलीवरचं कढत पाणी, ओल्या पिसांचा तो उग्र वास, उरलेली लव जाळायला पेटवलेली चुडतं. मांस चिवट, रस्सा मात्र असा की वाटी तोंडाला लावावी. वर्षातून मोजून पाच-सहा वेळा. औषध नावाची गोष्ट त्या अंगणात नव्हती, हे खरं. पण मानमोडी आली की अख्ख्या वाड्यावरच्या कोंबड्या दोन दिवसांत माना टाकत, हेही तितकंच खरं, आणि ते मात्र आठवणीतून सोयीस्कर गळतं. मानमोडी विषाणूची, तिथे लस कामाची, अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. आज 'गावठी' म्हणून चढ्या भावाने मिळणारी रंगीत कोंबडी गिरिराज किंवा वनराजसारख्या सुधारित जातीची असू शकते, आणि खरीखुरी अंगणातली असली तरी तिच्या आतड्यात चिवट जिवाणू नसतीलच असं नाही. ती गटाराचं पाणी पिते, उकिरडा उकरते, शेतात टाकलेल्या पोल्ट्री खतात चोच मारते. चवीसाठी जरूर घ्यावी. स्वच्छतेचं प्रमाणपत्र म्हणून जादा पैसे मोजू नयेत.

दुकानदारावर राग काढावा असंही वाटत नाही. त्याच्याकडे एक नळ, एक बादली, दोन सुऱ्या आणि उन्हात ताटकळणारी गर्दी. आतडी काढताना बोट किंवा सुरीचं टोक लागून आतडं फाटलं की आतला ऐवज मांसावर सांडतो. तो बादलीत धुतला जातो आणि त्याच बादलीत पुढच्या वीस कोंबड्या बुचकळल्या जातात. पाणी वरून गुलाबी, तळाशी राखाडी. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला एका कोंबडीचे जिवाणू मिळतात, बाराच्या गिऱ्हाइकाला वीस कोंबड्यांचे. लाकडी ठोकळ्याच्या भेगांत मांसाचा भुगा बसतो. तो नुसत्या पाण्याने निघत नाही, खरवडून, मीठ चोळून, उन्हात सुकवावा लागतो, आणि रोजच्या धंद्यात त्याला उसंत कुठली. आपल्याला गरम, ताजी कोंबडी हवी असते. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंश. ते ऊबदार मांस बंद पिशवीत, पिशवी स्कूटरच्या डिकीत, डिकीखाली तापलेलं इंजिन, आणि वाटेत एक फोन, एक ओळखीचं माणूस, थोडे कांदे. हवा ३२ अंशांच्या वर असली तर कच्चं मांस तासाभराहून जास्त बाहेर राहू नये, असा साधा नियम आहे. गोव्यात ऑक्टोबरच्या दुपारीही पारा तिथे सहज पोचतो. त्यामुळे बाजारात चिकनचा नंबर सर्वांत शेवटी लावावा, पिशवीवर दुसरी पिशवी घालावी, आणि ती डिकीत कोथिंबिरीला खेटून न ठेवता पुढच्या हुकला टांगावी. दिसायला बरं दिसत नाही, पण तेच बरं.

घरी आल्यावर धुवायचं की नाही, यावर आता घराघरांत वाद आहेत. परदेशी सल्ला एकच: धुऊ नका, शिंतोडे उडतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९मध्ये लोकांना स्वयंपाकघरात उभं करून, चिकनला निरुपद्रवी ई. कोलाय लावून, हे तपासलंही. धुणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांच्या सिंकमध्ये तो सापडला आणि २६ टक्क्यांच्या सॅलडमध्ये. पण त्याच पाहणीत चिकन न धुणाऱ्यांपैकीही ३१ टक्क्यांच्या सॅलडमध्ये तो पोचलेला होता. म्हणजे खरा वाहक हात. शिवाय तिकडचं चिकन कारखान्यातून पाकिटात बंद होऊन येतं. इकडे पिशवीत रक्त, हाडांचा चुरा, एखादं पीस असतं. ते न धुता टोपात टाका असं कुठल्याही गोवेकर बाईला सांगून बघावं! तेव्हा धुवावं, फक्त नळाच्या धारेखाली धरू नये. खोल पातेल्यात पाणी आधी भरून घ्यावं, तुकडे त्यात अलगद सोडावेत, पाण्याखालीच हाताने चोळावेत, पातेलं सिंकच्या तळाशी टेकवून हळू ओतावं. दोन पाणी पुरे. हळद-मीठ लावा, लिंबू लावा, हिरव्या वाटणातल्या काफ्रेयालसाठी माडाच्या सुरेचं व्हिनेगर लावा. वास जातो, चव येते, जिवाणू मात्र भरवशाने मरत नाहीत. फ्रीझरमध्येही बरेचसे नुसते थिजून बसतात.

पण धुण्यापेक्षा जास्त लक्ष द्यावं ते मसाल्याच्या डब्याकडे. तुकड्यांना हात लागलेला असतो, हळद घालायची राहते, आणि तोच हात डब्याचं झाकण उघडतो, तोच चमचा उचलतो. दुसऱ्या दिवशी तोच चमचा पोराच्या दह्यावर जिरंपूड भुरभुरतो. यावर उपाय अगदी सोपा: पिशवीची गाठ सोडायच्या आधी हळद, मीठ, आलं-लसूण वाटीत काढून ठेवायचं. कांदा-लिंबू, कोशिंबीर आधी चिरून झाकून ठेवायची, चिकन मागाहून. आदोळीवर, म्हणजे टोकाला खवणी असलेल्या विळीवर, तर विशेष नजर हवी. पात्यावर चरबी काढली, तुकडे लहान केले, आणि टोकाच्या खवणीवर लगेच नारळाची वाटी फिरवली, की ते खोबरं वाटणात गेलं तर ठीक, शिजेल. पण मूठभर तसंच कोशिंबिरीवर जातं. पातं आणि खवणी आधी साबणाने घासायची, मग ब्लीचच्या पाण्याने पुसायची: ४-५ टक्क्यांचं साधं घरगुती ब्लीच, लिटरभर पाण्यात एक छोटा चमचा, दहा मिनिटं राहू द्यायचं, मग स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडं करायचं, नाहीतर लोखंडाला गंज चढतो. साबण आधी, हा क्रम चुकवू नये. मांसाचा चिकटा राहिला तर ब्लीच त्याच्यातच खर्ची पडतं. नळाची मूठ आणि फोनची काच यांना कुणी हिशोबातच धरत नाही. फ्रीजमध्ये चिकन खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात. वरच्या कप्प्यात ठेवलं आणि डबा गळला तर खालची भाजी गेली. काफ्रेयालचं उरलेलं हिरवं वाटण वरून ओतायचं असेल तर खळखळून उकळायचं, कच्चं नाही. आणि तव्यावरची मांडी वरून काळपट झाली तरी हाडाजवळ कच्ची राहते. सुरीने हाडापर्यंत चीर देऊन बघावं, थर्मामीटर असेल तर उत्तमच.

एवढं सगळं एका माणसाने, बहुतेक घरांत एका बाईनेच, रविवारी सकाळी लक्षात ठेवायचं. घाटापलीकडच्या टाकीत जे पडलं त्याची राखण तिने आदोळीवर करायची. हे बरोबर नाही, पण टाकी तिच्या हाती नाही, आदोळी आहे.

त्या शुक्रवारी ती बाई थेट बसस्टँडवर गेली नाही. बाजाराच्या तोंडाशी एक पदेर, म्हणजे पाववाला, टोपली घेऊन बसला होता, वरच्या प्लॅस्टिकखाली अजून गरम पोया. तिने पर्समधून तीच नोट काढून दिली. कोरड्या कागदावर हे जीव हळूहळू कमी होत जातात, पण नोट मिळून दहा मिनिटंही झाली नव्हती. त्याने ती दोन बोटांत दुमडून धरली आणि त्याच हाताने पोया मोजून पिशवीत टाकल्या. मग नोट डब्यात टाकताना तिच्याकडे क्षणभर बघितलं. ओल्या कोपऱ्याला पोयेवरचा गव्हाचा कोंडा चिकटला होता. अंगठ्याने तो पुसून काढत त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "कितल्यो?"